शेवटच्या खुर्चीला काय ऐकू येतं?

बावन्न आणि बासष्ट यांत दहाचा फरक असतो, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला तो फरक चाळिशी ओलांडल्यावर नीट कळला. सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं सभांचं इतिवृत्त लिहायचं काम केलं. सभागृह नवं करून घेतल्यावरची ती पहिलीच सभा. खाली आरशासारख्या टाइल्स, एका बाजूला अख्खी काचेची भिंत, वर पीओपीचं छत, त्यात लपवलेले निळसर दिवे आणि समोर काळाभोर पासष्ट इंची स्क्रीन. अध्यक्षांनी कर्जमर्यादेचा आकडा सांगितला. दाराजवळच्या माझ्या खुर्चीवर जे पोचलं ते मी लिहिलं : बासष्ट लाख. ठराव होता बावन्न लाखांचा.

पुढच्या महिन्यात ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिलाच विषय निघाला आणि इतिवृत्त कायम होण्याऐवजी तासभर वाद झाला. दोन संचालक म्हणाले बासष्टच ठरलं होतं, तिघे म्हणाले बावन्न, उरलेल्यांना आठवत नव्हतं. शेवटी एका ज्येष्ठ संचालकांनी लेखनिकाला कानाचं मशीन घेऊन द्यावं अशी सूचना मांडली. तिला अनुमोदक मिळाला नाही, एवढीच काय ती माझी अब्रू.

माझे कान ठणठणीत होते. त्याच संस्थेच्या जुन्या जागेत, लाकडी तक्तपोशीच्या माडीवर, मी शेकडो आकडे लिहिले होते. तिथे जाजम होतं, टेबलावर हिरवं जाड कापड होतं, कोपऱ्यात बांधलेल्या दप्तरांचे गठ्ठे होते, भिंतीशी लोड-तक्के होते. दिसायला ती खोली म्हणजे अडगळच. पण तिथे कुजबुजलेलंही ऐकू यायचं, आणि काही वेळा तेच नको असायचं.

आता आपल्याकडे जिथे जावं तिथे सभागृहांचं नूतनीकरण चाललंय. पंचायत समित्या, बँका, कारखाने, कुपवाडच्या एमआयडीसीतली ऑफिसं, महाविद्यालयं, सगळीकडे. त्याला माझा विरोध नाही. सरकारी वा सहकारी काम म्हणजे गळकं छत आणि डुगडुगणारं टेबलच हवं, असं मानणाऱ्यांतला मी नाही. माझं भांडण खर्चाच्या क्रमाशी आहे. नूतनीकरण अध्यक्षांच्या खुर्चीपासून सुरू होतं, तिथून स्क्रीनकडे जातं, मग छतातल्या दिव्यांकडे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या आत पैसे संपतात. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात शेवटच्या खुर्चीपासून करावी. तिथे बसणाऱ्याला ऐकू येतंय का, दिसतंय का, श्वास घेता येतोय का आणि बोलता येतंय का, हे आधी पाहावं. मग उरलेल्या पैशांत अध्यक्षांना हवी ती खुर्ची घ्यावी.

ऐकण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

१८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं. दिसायला देखणं, पण वक्त्याचं बोलणं कुणाला कळेना. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं. हा गृहस्थ रात्री जवळच्या एका थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात पसरायचा, ऑर्गनच्या नळीतून सूर काढायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजायचा. गाद्या वाढल्या की सूर लवकर विरायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. या खटाटोपातून त्याने जे सूत्र काढलं ते आजही वापरतात : खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, खोलीतल्या वस्तूंच्या एकूण ध्वनिशोषणाने भागा. उत्तर येतं ते सेकंदांत, म्हणजे आवाज साठ डेसिबलने उतरायला लागणारा वेळ.

आपल्या नेहमीच्या मापाचं सभागृह धरू. चाळीस बाय पंचवीस फूट, उंची अकरा. माणसं तीस. टाइल्स, प्लॅस्टर, काच आणि पीओपी हे सगळे कठीण पृष्ठभाग. ते आवाज जवळजवळ गिळतच नाहीत, परत फेकतात. त्या खोलीत जे काही शोषण होतं त्यातलं निम्म्याहून जास्त आत बसलेल्या माणसांच्या कपड्यांचं असतं. गणित केलं तर उत्तर सव्वादोन सेकंदांच्या घरात येतं. बोलताना माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज उच्चारतो. म्हणजे दहावं अक्षर तोंडातून निघतं तेव्हा पहिलं अजून खोलीत फिरत असतं. याला आपण ‘हॉल घुमतो’ म्हणतो आणि उपाय म्हणून माइकचा आवाज वाढवतो. त्याने घुमणंही वाढतं.

यात मराठीची म्हणून एक खास अडचण आहे, तिचा विचार मी त्या भांडणानंतर बरेच दिवस करत होतो. आपल्या आकड्यांत एकक आधी येतो, दशक मागून. बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी : पहिला सूर सगळ्यांचा ‘ब’चा, आणि रकमेतला मोठा फरक शब्दाच्या शेपटीत. घुमणाऱ्या खोलीत पहिल्या अक्षराची ओढ दुसऱ्यावर पसरते आणि नेमकी शेपटी झाकली जाते. इंग्रजीत दशक आधी येतो, त्यामुळे तिथे ऐकणाऱ्याच्या हाती निदान मोठा आकडा तरी लागतो. आपल्याकडे बुडतात ती दशकंच. म्हणून आपल्या सभागृहांचे कान इतरांपेक्षा काकणभर जास्तच चांगले हवेत.

उपाय महाग आहे का? त्याच खोलीच्या छताला पीओपीऐवजी ध्वनी शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या चांगल्या टाइल्स लावल्या, तर तेच गणित पाऊण सेकंदाच्या आत येतं. सभेसाठी एवढं पुरे. फॉल्स सीलिंग दोन्हीकडे होतंच. फरक कशाचं करायचं एवढाच. पण टाइल्सना गोलाई देता येत नाही, मधोमध कमळ काढता येत नाही, म्हणून इंटिरियरवाला पीओपी सुचवतो आणि संचालकांनाही कमळ आवडतं.

ज्यांच्याकडे छताचेही पैसे नाहीत त्यांना मी घोंगडी सुचवीन. विनोद करत नाही. जत-आटपाडीकडे मेंढरं आहेत, जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी तर साऱ्या राज्याला ठाऊक आहे, आणि लोकरीचं जाड कापड आवाज गिळायला उत्तम. भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकून, मागे चारेक बोटं पोकळी ठेवून घोंगड्या ताणून बसवल्या तर बोलण्यातले वरच्या पट्टीचे आवाज बरेच आवरतात. आर्किटेक्टला ते ‘एथनिक’ वाटेल आणि विणणाऱ्याच्या घरात चार पैसे जातील. कसर लागते, झटकावं लागतं, हे कबूल.

हे सगळं सांगलीत सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात. वीज नव्हती, ध्वनिक्षेपक नव्हता, शब्द आणि गाणं बसलेल्यांपर्यंत पोचवायचं ते गळ्याच्या आणि जागेच्या जोरावर. पलीकडे मिरजेला सतारमेकर गल्लीत आजही कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत, कान लावून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, काढत बसलेला असतो. केसभर जास्त घासलं तर सूर गेला. अशा माणसांच्या जिल्ह्यात लाखोंचं सभागृह बांधून होतं आणि आत शिरल्यावर कुणी एकदा टाळीसुद्धा वाजवून पाहत नाही.

आवाज पोचण्याइतकाच प्रश्न आहे तो कुणाचा पोचतो हा. आता प्रत्येक खुर्चीपुढे वाकड्या मानेचा माइक बसवायची पद्धत आलीय. चांगली आहे. पण या यंत्रणांत अध्यक्षांच्या माइकला बहुधा एक प्राधान्याचं बटण असतं. ते दाबलं की बाकी सगळे माइक बंद. सभेला शिस्त लावायला ते उपयोगी, हे मान्य. तरी ते दाबलं कधी आणि किती वेळा, याची नोंद यंत्रणेत राहावी अशी अट निविदेत घालायला काय हरकत आहे? ज्या मुलखात कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवालाचं पान उलटायच्या आत ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, तिथे हे बटण फार काळ निष्पाप राहणार नाही. कोविडच्या काळात सहकारी संस्थांच्या सभा ऑनलाइन झाल्या तेव्हा सभासदांचे माइक बंद ठेवल्याच्या तक्रारी किती झाल्या ते आठवावं. सोय तीच असते. बटण कुणाच्या हातात, यावर सगळं.

आणि जिथे एकच फिरता माइक असतो तिथे तो मागच्या रांगेतल्या बाईपर्यंत पोचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत. निवडून आलेली बाई सभागृहात बसते ती बहुतेक वेळा मागे किंवा एका कडेला. माइक मागायचा तर उभं राहायचं, हात करायचा, सगळ्यांनी वळून बघायचं. तिच्या पुढ्यात तिचा स्वतःचा माइक असला तर ती बसल्या जागी बोलते. तंत्रज्ञानाने काही बदलतं का, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

हवेचं बोलू. दुपारी तीनच्या सभेत लोक पेंगतात आणि दोष जेवणाला जातो. जेवणाचा वाटा असेलच, पण खोलीचाही असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच गार करून फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. मघाच्या खोलीत तीस माणसं बसवून दारं-खिडक्या घट्ट लावल्या तर तासाभरात तो दोन हजारांच्या पुढे जातो, हा साधा हिशेब आहे. डोकं जड होतं, जांभया येतात, आणि नेमकं त्याच वेळी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ पुढे येतात. आयत्या वेळचे विषय शेवटी असतात ही रीतच आहे, पण त्यांना विरोध का होत नाही याचं थोडं उत्तर हवेत असावं, असा माझा आपला संशय. एक चांगला एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या भिंतीला हवा आत यायची जाळी, एवढ्याने फरक पडतो. त्याचं उद्घाटन करता येत नाही, ही त्याची खोट.

स्क्रीनबद्दल एकच गणित. पासष्ट इंची स्क्रीनची उंची भरते बत्तीस इंच. बारीक मजकूर वाचायचा तर स्क्रीनच्या उंचीच्या सहापटींपेक्षा लांब बसू नये, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे सोळा फूट. चाळीस फुटी सभागृहात सोळा फुटांवर कोण बसतं? अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि चहा घेऊन आलेला शिपाई. बाकीच्यांना अंदाजपत्रकाच्या जागी मुंग्यांची रांग दिसते. बोटाने लिहिता येणाऱ्या महागड्या पॅनेलऐवजी तेवढ्याच पैशांत साधे चार टीव्ही बाजूच्या भिंतींवर लावले तर शेवटच्या रांगेलाही आकडे वाचता येतील. बोटाने लिहिण्याचं म्हणाल तर पॅनेल बसवल्यावर पहिल्या दिवशी साहेबांनी त्यावर ‘श्री’ काढलेला मी पाहिलाय. नंतर कुणी काही लिहिलेलं आठवत नाही. आणि रिमोट. तो कपाटात असतो, कपाटाची किल्ली एका माणसाकडे असते आणि तो त्या दिवशी रजेवर असतो. देखभालीचा करार आणि यंत्रणा चालवायला शिकवलेली निदान दोन माणसं, हे खरेदीचाच भाग धरले पाहिजेत.

फर्निचरवर मी फार बोलणार नाही. पाठीवर टॉवेल टाकलेली उंच खुर्ची ही आपल्या प्रशासनाची खूण आहे आणि ती निविदेने जाणारी नाही. फक्त एवढं की लिहिणाऱ्याला टेबल द्या. भारी सोफे ठेवलेल्या सभागृहांत मी मांडीवर वही ठेवून, मान मोडून इतिवृत्तं लिहिली आहेत. सोफ्यावर बसून माणूस फार तर होकार देऊ शकतो. आणि गावाकडून आलेल्या वृद्ध सभासदाला व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढता येत नसतील तर तिथे उतार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही मेहेरबानीची बाब राहिलेली नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. आपल्याकडे असं काही काढलं की कुणीतरी हमखास कर्मवीरांचं नाव घेतं. भाऊराव पाटील, मूळचे आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली, आणि संस्थेचं बोधचिन्हच वडाचं झाड. ‘अण्णांनी वडाखाली बसून एवढं उभं केलं, तुम्हाला टाइल्स कोणत्या छताला हव्यात याची पंचाईत!’ टोमणा लागतो. पण वडाखालची जागा म्हणजे काय, ते बघा. भिंती नाहीत, म्हणून आवाज घुमत नाही. हवा मोकळी. माणसं भोवती गोल बसलेली, म्हणून कुणी फार लांब नाही. व्यासपीठ नाही, बटण नाही. मी ज्या ज्या गोष्टी मागतोय त्या सगळ्या त्या झाडाखाली फुकट होत्या. आपण लाखो रुपये घालून त्या घालवल्या, आणि आता परत मिळवायला पुन्हा पैसे लागताहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रस्त्यात खड्डे आहेत, शाळांना पत्रे नाहीत, मग सभागृहाचं काय एवढं? याला माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. ज्या ग्रामपंचायतीला यातून एकच काही करता येणार असेल तिने शाळेचे पत्रे घालावेत. पण जिथे नूतनीकरणाचा ठराव झालाच आहे, रक्कम मंजूर आहे, तिथे प्रश्न खर्च करायचा की नाही हा उरत नाही. पुढच्या रांगेवर करायचा की मागच्या, एवढाच उरतो. आणि खड्ड्यांचा आकडाही शेवटी कुठल्यातरी सभागृहातच वाचला जातो.

सांगलीला आणखी एक कारण आहे, ते कृष्णा नदीचं. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. अशा दिवसांत कोयना धरणातून किती सोडलंय, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती चाललंय, हे आकडे व्हिडिओ कॉन्फरन्सवर एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आणि एका राज्यातून दुसऱ्यात जातात. तिथेही तेच बावन्न आणि बासष्ट. सव्वाचार लाख क्युसेक म्हणाले की सव्वापाच? बोलणाऱ्याची खोली घुमत असेल तर पलीकडचा कितीही महाग स्पीकर ते दुरुस्त करू शकत नाही. माइक घुमणंही इमानाने उचलतो. म्हणून आकडे बोलल्यावर लगेच स्क्रीनवर टंकून दाखवायची शिस्तही हवी. आणि नदीकाठच्या पेठांत नवं काही बसवणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला : यूपीएस, बॅटऱ्या आणि मुख्य पॅनेल तळमजल्यावर ठेवू नका. इंटिरियरवाला पुण्याचा असेल तर त्याला पाणी कुठवर आलं होतं त्या भिंतीवरची खूण दाखवा.

आता कामाचं. निविदेत आपण वस्तू लिहितो : अमुक इंची, अमुक वॅट, अमुक कंपनीच्या तोडीचं. वस्तू येतात, मोजल्या जातात, बिल निघतं. त्याऐवजी परिणाम लिहावा. बिलावर सही करण्याआधी एक चाचणी घ्यावी, खर्च शून्य. सभागृहात माणसं भरावीत, निदान निम्म्या खुर्च्या तरी. कामाशी संबंध नसलेल्या एकाने अध्यक्षांच्या जागेवरून नेहमीच्या आवाजात वीस आकडे एकदाच वाचावेत : बेचाळीस, बावन्न, बासष्ट, त्रेपन्न, त्रेसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर, सव्वासात, साडेसात, असे मुद्दाम निवडलेले. शेवटच्या रांगेत तिघांनी ते लिहावेत : एक साठीच्या पुढचा सभासद, एक महिला सदस्य आणि संस्थेचा लेखनिक. मग फेरा उलटा. शेवटच्या खुर्चीवरून वाचायचं, अध्यक्षांनी लिहायचं. वीसांपैकी एकोणीस जुळले तर सही. नाहीतर ठेकेदाराने छताकडे बघावं. चाचणी एसी, पंखे आणि एक्झॉस्ट चालू ठेवूनच घ्यायची. ते बंद करून घेतली तर ठेकेदार पास होतो आणि पुढच्या महिन्यात लेखनिक नापास.